मजेतराव

"'लपवला' म्हणजे काय हो?" वहिनींनी विचारलं.

वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे सांगितला नाही. 'रुग्णाने आपला त्रास डॉक्टरांपासून लपवला', असं हॉस्पिटलचं म्हणणं आहे. त्यांच्या उत्तराचा सगळा डोलारा त्या एका वाक्यावर उभा आहे."

"मग 'सांगितला नाही' असं लिहायचं. लपवतो तो चोर."

"कायद्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही, वहिनी."

"माझ्या दृष्टीने आहे ना."

वकील तरुण होते आणि सज्जनही होते, म्हणून त्यांनी वाद वाढवला नाही. ऑफिस एवढंसं. खिडकीखाली दुचाक्या दुरुस्त करायचं दुकान होतं, त्यामुळे बोलणाऱ्याला मध्येमध्ये थांबावंच लागे. एक इंजिन थांबल्यावर ते म्हणाले, "आपली बाजू लंगडी नाही. पाठीच्या कण्याजवळ पू झाला होता, तो त्यांनी वेळेवर ओळखला नाही आणि विष रक्तात भिनलं, हे त्यांचेच रिपोर्ट सांगतात. घोडं अडतं ते एकाच ठिकाणी. डॉक्टर रोज सकाळी येऊन विचारत होते. आणि काका रोज सांगत होते..."

"मजेत," वहिनी म्हणाल्या.

"हो. मजेत."

"भरपाई नाही मिळाली तरी चालेल मला. तो शब्द तेवढा खोडून द्या. मेलेल्या माणसाच्या नावापुढे असलं काही राहू नये."

वकिलांनी मान डोलावली. असली मागणी घेऊन आजवर त्यांच्याकडे कुणी आलं नव्हतं.

वहिनी ही काही वकिलांची वहिनी नव्हे. त्या साऱ्या जगाच्याच वहिनी होत्या, कारण त्यांचा नवरा साऱ्या जगाचा दोस्त होता. निदान त्या ऑफिसांच्या बिल्डिंगीपुरतं जग धरलं तर होताच. तिथे तो लिफ्टमन होता. जुनी लिफ्ट, लोखंडी जाळीचा सरकता दरवाजा, पितळी हँडल आणि कोपऱ्यात एक स्टूल. त्या स्टुलावर बसून माणसांना वर न्यायचं आणि खाली आणायचं, एवढंच त्याचं उभ्या आयुष्याचं काम. त्यात बढती नव्हती. वर जाणं तेवढं रोज होत होतं, असं तो स्वतःच म्हणायचा.

लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की माणसाला काहीतरी बोलावंसं वाटतं. नुसतं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभं राहणं अवघड जातं. म्हणून जो तो विचारायचा, "काय, कसं काय?" आणि तो म्हणायचा, "मजेत!" यापेक्षा लांब उत्तर द्यायला वेळच नसायचा. गुडघा दुखतोय म्हणून सुरुवात करावी, तर वाक्य पुरं व्हायच्या आत ऐकणारा पहिल्या मजल्यावर उतरून गेलेला. "दोन मजल्यांच्या मध्ये मावेल एवढंच बोलावं," हे त्याचं तत्त्वज्ञान होतं. लोकांनी त्याचं नाव मजेतराव ठेवलं. मजल्यामजल्यावर मजेत म्हणून मजेतराव, असा त्याचा उलगडाही कुणीतरी विनोदी माणसाने करून ठेवला होता. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणालातरी आठवे.

माणूस उतरायला लागला की तो दरवाजावर हात आडवा धरायचा आणि म्हणायचा, "सावकाश." म्हणजे दिवसभरात त्याला शब्द लागायचे ते दोन.

ती सवय घरीही आली. आई गेली त्या दिवशी सांत्वनाला आलेल्या माणसाने सवयीने "कसं काय?" विचारलं, तर हा म्हणाला, "मजेत," आणि मग दोघेही खाली मान घालून बसले. वहिनी सुरुवातीला चिडायच्या. मग त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. नुसतं "मजेत" वेगळं आणि "मजेत गं" वेगळं. खरोखर बरं असलं की तो खणखणीत "मजेत" म्हणायचा. कुठे काही सलत असलं की आवाज जरा खाली यायचा आणि मागे हलकेच "गं" लागायचा. पोट बिघडलेलं असो, साहेब तोडून बोललेला असो, "मजेत गं" आलं की वहिनी हातातली सुई खोचून ठेवायच्या आणि त्याच्यापाशी जाऊन बसायच्या. मग अर्ध्यापाऊण तासाने काय ते बाहेर पडायचं. त्यांचं काम काज-बटणाचं. शिंप्याकडून शर्ट आणायचे, काजं करायची, बटणं लावायची आणि परत पोचवायचे. उसवलेलं कुठे आहे ते शोधायची सवयच होती त्यांना.

मग ते दुखणं आलं. पाठीतून सुरू झालं, तेव्हा कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. स्टुलावर बसून बसून पाठ धरणारच. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मलम दिलं. मग ताप चढायला लागला, अंगाला थंडी वाजून कापरं भरायला लागलं, तेव्हा वहिनींनी त्याला हॉस्पिटलात नेलं. तिथे दाखल करून घेतलं, सलाइन लावलं, रक्त काढून नेलं. आता मोठ्या ठिकाणी आलोय म्हणून वहिनींचा जीव भांड्यात पडला.

वॉर्डात सकाळी एक तरुण डॉक्टर यायचा. पाठीमागे सिस्टर, हातात कागद, आणि एका पलंगाकडून दुसऱ्या पलंगाकडे त्याची नुसती धावपळ. केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले. "काय काका, कसं काय?" असं तो लांबूनच विचारायचा. आणि मजेतराव, पाठीत कळा येत असताना, उशीवरून मान उचलून हसून म्हणायचा, "मजेत!" डॉक्टर "छान, छान," म्हणत पुढच्या पलंगाकडे. अगदी लिफ्टमधल्यासारखंच. मजला आला की माणूस बाहेर.

वहिनी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून शर्टांना बटणं लावत. शिंपी काही थांबणार नव्हता. मजेतराव तळहातावर बटणं घेऊन पडलेला असायचा आणि एकेक त्यांच्या हातात द्यायचा. "बघ, अजून कामाला येतो की नाही," म्हणायचा.

एका दुपारी तो धरून धरून बाथरूमकडे निघाला. वहिनी मागेच होत्या. वॉर्डाच्या मधोमध त्याच्या डाव्या पायातली चप्पल निघाली आणि तिथेच राहिली. तो तसाच पुढे चालत राहिला. एका पायात चप्पल आणि एक पाय थंड फरशीवर, आणि त्याला त्याचा पत्ताच नाही.

"अहो, चप्पल!" वहिनी ओरडल्या.

त्याने खाली पाहिलं. पाय त्याचाच आहे की शेजाऱ्याचा, असं काहीतरी त्याच्या तोंडावर उमटलं. मग तो हसला. "पळाली वाटतं."

"खरं सांगा, काय होतंय?"

"मजेत गं," तो म्हणाला.

वहिनींनी त्याला पलंगावर आणून बसवलं आणि त्या तडक सिस्टरकडे गेल्या. "सिस्टर, ह्यांच्या पायातून चप्पल निघते आणि ह्यांना कळत नाही."

"राउंडला डॉक्टरांना सांगा, काकू."

सकाळी त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर अर्धे पुढच्या पलंगाकडे वळलेच होते. "पडून पडून पाय जड होतात, काकू. काय काका, काही त्रास?"

"छे, छे. मजेत!"

"बघा, काका मजेत आहेत. तुम्हीच घाबरताय." सिस्टर हसली, शेजारच्या पलंगावरचा पेशंट हसला. मजेतरावही हसला. वहिनी हसल्या नाहीत, पण चारचौघांत आणखी काय बोलायचं ते त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला उभंच राहता येईना. मग एकच पळापळ झाली. मशिनमध्ये घालून पाठीचे फोटो काढले, मोठे डॉक्टर आले, ऑपरेशन झालं. पू काढला, पण तोवर विष रक्तात पसरलं होतं. नंतर मजेतराव बोललाच नाही. काचेपलीकडे त्याच्या तोंडात नळी होती. आणि मग तो गेला. शेवटचे शर्ट पिशवीत तसेच राहिले होते. वहिनींनी दहाव्या-बाराव्या दिवशी ते पुरे करून शिंप्याला नेऊन दिले, कारण ज्यांचे होते त्यांना ते घालायचे होते.

हॉस्पिटलचं उत्तर आलं त्यानंतरच्या रविवारी लेक आली. ती एका कंपनीच्या मदतकेंद्रात कामाला होती. कानाला हेडफोन लावून दिवसभर अनोळखी लोकांना "मी आपली काय मदत करू शकते?" विचारायचं, हे तिचं काम. घरी आली की तिला कुणाला काही विचारायची ताकद उरत नसे. तिने उभ्याउभ्याच ते उत्तर वाचलं आणि टेबलावर टाकलं.

"खरंच लिहिलंय की, आई. लपवलंच बाबांनी."

वहिनी भाजी चिरत होत्या. सुरी थांबली. "तू पण असं म्हणतेस?"

"मग काय म्हणू? एकदा, फक्त एकदा तोंड उघडून सांगायचं होतं, बाबांनो, मला पाय कळेनात. सगळ्या जगाला मजेत, मजेत! काय मिळवलं?" तिचा आवाज चढला. "मला रागच येतो बाबांचा. आणि तू केस लढतेयस."

"मला सांगितलं होतं त्यांनी."

"काय सांगितलं होतं?"

"'मजेत गं' म्हणाले होते."

लेक हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "आई, तुझ्या त्या 'गं'ला काही अर्थ नसतो. बाईमाणसाशी बोलताना कुणीही म्हणतं. 'गं'वरून कुठली केस उभी राहत नसते."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

"मी नाही येणार सुनावणीला. मला नाही ऐकवणार ते सगळं."

"नको येऊस."

लेक पाणी प्यायली, तिने भांडं विसळून पालथं घातलं आणि ते पुन्हा उचलून पुन्हा विसळलं. वहिनींनी ते पाहिलं. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते त्यांनी गिळलं आणि भाजी चिरायला घेतली.

वकिलांनी एक सुचवलं होतं. काकांना असं बोलायची सवयच होती, हे सांगणारं बाहेरचं कुणी मिळालं तर बरं. म्हणून वहिनी त्या बिल्डिंगमध्ये गेल्या. लिफ्ट आता आपोआप चालत होती. जाळी जाऊन चकचकीत दार बसलं होतं आणि लिफ्टमनची गरज उरली नव्हती. स्टूल तेवढं जिन्याखाली, रंगाच्या डब्यांसाठी ठेवलेलं दिसलं.

तिसऱ्या मजल्यावरचे कॅशियर त्यांना बघून उठूनच उभे राहिले. "या, या वहिनी! बसा. अहो, मजेतराव गेल्यापासून या लिफ्टमध्ये जीव घुसमटतो. एक माणूस बोलत नाही."

वहिनींनी कामाचं सांगितलं. कॅशियर मन लावून ऐकत होते.

"म्हणजे मी काय सांगायचं?"

"एवढंच, की बरं नसलं तरी ते मजेतच म्हणायचे."

कॅशियर विचारात पडले. माणूस सरळ होता. "पण वहिनी, बरं नसलं असं मी त्यांना कधी बघितलंच नाही. ते खरंच मजेत असायचे. आम्ही आपसात म्हणायचो, पगार आमच्या निम्मा, पण माणूस बघा कसा सुखी!"

"त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा?"

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं?"

"आई गेली तेव्हा?"

"कधी?" कॅशियर म्हणाले, आणि मग त्यांचा चेहराच उतरला. "रोज चार वेळा बोलायचो हो आम्ही."

वहिनींना त्यांचा राग आला नाही, वाईट मात्र वाटलं. इतकी वर्षं इतकी माणसं त्या डब्यात चढली-उतरली, आणि एकालाही तो माहीत नव्हता. खाली उतरताना त्यांच्या मनात आलं, कुणाला कळूच दिलं नाही तर त्याला लपवणंच म्हणतात की काय? लेक म्हणते ते खरं आहे की काय? जिन्यावरच त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांना ती फरशीवर पडलेली चप्पल आठवली. चप्पल कुणी लपवली नव्हती. सगळ्या वॉर्डासमोर पडली होती ती.

सुनावणीच्या दिवशी वहिनी इस्त्रीची साडी नेसल्या आणि वेळेच्या बऱ्याच आधी जाऊन बसल्या. ग्राहक आयोगाची चौथ्या मजल्यावरची खोली, उंच टेबल, पंख्याचा कुरकुर आवाज. टेबलामागे अध्यक्षबाई, केस पांढरे, सर्दी झालेली, हातात रुमाल. एका बाजूला हॉस्पिटलचे वकील आणि त्यांच्या शेजारी तो तरुण डॉक्टर. आज त्याचे केस विंचरलेले होते. त्याने वहिनींकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

पहिला बराच वेळ मोठ्या डॉक्टरांच्या मतांत आणि इंग्रजी शब्दांत गेला. वहिनींना त्यातलं फारसं उमगलं नाही. मग त्यांना उभं केलं.

"बाई, तुमच्या यजमानांनी तुम्हाला त्रास होतोय असं सांगितलं होतं?" हॉस्पिटलच्या वकिलांनी विचारलं. बोलणं गोड होतं.

"सांगितलं होतं."

"काय शब्दांत?"

"'मजेत गं.'"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. वकिलांनाही हसू आवरलं नाही. "म्हणजे 'मजेत' म्हणजे बरं, आणि 'मजेत गं' म्हणजे बरं नाही?"

"हो."

"हे शब्दकोशात आहे का कुठे?"

"ते ठाऊक नाही. आमच्या घरात होतं."

"बरोबर. तुमच्या घरात. मग तुमच्या घरातली भाषा डॉक्टरांना कशी कळावी?"

"नाहीच कळायची," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर मी त्यांच्याकडे गेले. पायातली चप्पल निघते आणि ह्यांना कळत नाही, असं सांगितलं. ते काही घरातल्या भाषेत नव्हतं."

वकिलांनी कागद चाळले. आता कुणी हसत नव्हतं. "पण रुग्णाला स्वतः विचारल्यावर तो काय म्हणाला?"

"मजेत म्हणाले."

"म्हणजे त्यांनी त्रास लपवला."

तो शब्द पुन्हा आला. समोरचं टेबल जरा हललं. वहिनींनी कठड्याला धरलं. कपाळावर घाम आला होता आणि हाताची बोटं थरथरत होती. अध्यक्षबाईंनी रुमाल बाजूला ठेवला.

"बाई, बसून घ्या. पाणी द्या रे त्यांना. बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"हो, हो," वहिनी म्हणाल्या. "मजेत."

तोंडातून शब्द गेला आणि मग त्यांना ऐकू आला. खोलीत सगळ्यांनाच ऐकू आला. पंखा कुरकुरत राहिला. वहिनींना वाटलं, आता संपलंच सगळं, आपणच आपल्या हाताने बुडवलं.

अध्यक्षबाई डॉक्टरकडे वळल्या. "डॉक्टर, उभे राहा. या बाईंना मी विचारलं, त्या मजेत म्हणाल्या. तसं लिहून घेऊ?"

डॉक्टर उभा राहिला. त्याने वहिनींच्या हातांकडे पाहिलं. ज्या पद्धतीने डॉक्टरने बघायला हवं, त्या पद्धतीने पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

"का बरं? त्या स्वतः सांगतायत."

"हात थरथरतोय. घाम आलाय. तपासायला हवं त्यांना."

"त्या काही लपवतायत असं वाटतं तुम्हाला?"

डॉक्टरच्या शेजारी त्याचे वकील काहीतरी पुटपुटले. त्याने तिकडे पाहिलं नाही. "नाही. बोलायची पद्धत असते."

"बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि त्यांना शिंक आली.

पाणी पिऊन होईपर्यंत हॉस्पिटलचे वकील उठून उभे राहिले होते. 'लपवला' हा शब्द आम्ही मागे घेतो, असं ते म्हणाले. बाकीच्या गोष्टींवर आमचं म्हणणं कायम आहे, असंही म्हणाले. निकाल पुढच्या तारखेला. वहिनींचे वकील त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "वहिनी, तुमचं काम झालं. आता माझं बघतो." आणि ते कागदांवर सह्या करायला थांबले.

वहिनी एकट्याच लिफ्टमध्ये शिरल्या. दार मिटता मिटता कुणीतरी आत आलं. तो डॉक्टर होता. हातात जाडजूड फायली. आत कोण आहे ते त्याने आधी पाहिलं नसावं. तो कोपऱ्यात आक्रसून उभा राहिला. लिफ्ट खाली निघाली.

बोलावंसं तर दोघांनाही वाटत होतं. लिफ्टमध्ये वाटतंच.

"काकू," डॉक्टर म्हणाला, "एकदा काकांनीच मला विचारलं होतं. डॉक्टर, तुम्ही कसे आहात, म्हणून. सलग ड्यूटी चालू होती, घरी गेलो नव्हतो. मी म्हटलं, मजेत."

दारावरचा आकडा बदलला.

"तर म्हणाले, 'जरा झोपा हो तुम्ही.'"

"त्यांना कळायचं," वहिनी म्हणाल्या.

आणखी काहीतरी डॉक्टरच्या तोंडाशी आलं होतं. पण तळमजला आला आणि दार उघडलं. फायली हातातून निसटत होत्या, त्या त्याने हनुवटीने दाबून धरल्या. दार परत मिटायला लागलं, तसा वहिनींनी त्यावर हात आडवा धरला. ते माफ करणं नव्हतं. कुणी उतरत असलं की असं करायचं असतं, एवढंच.

"सावकाश," त्या म्हणाल्या.

तो गेला. वहिनी बाहेर येऊन समोरच्या बाकावर बसल्या. पाय चपलांतून काढले, फरशी थंडगार लागली, ते कळलं तेव्हा बरं वाटलं. पर्समध्ये फोन वाजत होता. लेक होती. मागून मदतकेंद्रातल्या सगळ्यांचे बोलण्याचे आवाज येत होते.

"झालं का, आई?"

"झालं. तो शब्द काढला त्यांनी."

"काढला? बरं झालं. आणि तू? तू कशी आहेस?"

"मजेत गं," वहिनी म्हणाल्या.

मागचे आवाज हळूहळू दूर गेले. लेक उठून कुठेतरी बाजूला जात असावी. एक दार लागल्याचं ऐकू आलं.

"आई."

"काय गं?"

"बाबा मला पण तसंच म्हणाले होते. फोनवर. मी विचारलं होतं, रजा टाकून येऊ का, तर म्हणाले, 'मजेत गं, कशाला येतेस.'"

"माहीत आहे मला. शेजारीच बसले होते मी. बटणं लावत."

"मग कधी बोलली का नाहीस?"

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "तू लेक आहेस. ओळखायचं काम तुझं नव्हतं. ज्यांचं होतं त्यांना मी सांगून आले होते."

लेक रडत होती. दिवसभर अनोळखी माणसांच्या तक्रारी ऐकणारी ती पोर, तिचा आवाज कसाबसा बाहेर आला. "आहेस तिथेच बस. निघाले मी."

"अगं, कामाची वेळ आहे तुझी. मी जाईन की हळूहळू."

"बस म्हटलं ना."

फोन बंद झाला. वहिनी बसून राहिल्या. समोर लिफ्टचं दार उघडत होतं, मिटत होतं. कुणीतरी आत शिरता शिरता कुणाला तरी विचारत होतं, काय, कसं काय, आणि उत्तर यायच्या आत दार लागत होतं. वहिनींनी पायाने चाचपून चपला जवळ ओढल्या, नीट जोडीने ठेवल्या, आणि रस्त्याकडच्या दाराकडे बघत बसल्या.